मंगळवारचा दात

डोंबिवलीच्या रामनगरातल्या तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घरात सकाळची सुरुवात दुधाच्या पिशवीने होई. श्रीपादराव दाराच्या कडीला लटकलेली पिशवी उतरवत, नळाखाली धुवत, कात्रीने तिचा कोपरा कापत आणि तो इवलासा त्रिकोण न विसरता ओट्यावरच्या डबीत टाकत. तो मोरीत गेला की पुढे काय होते, हे त्यांना पाणीपुरवठा खात्यात नोकरी झाल्यामुळे चांगले ठाऊक होते. दूध तापेपर्यंत सून नीरजा डबा घेऊन कामावर निघालेली असे. मग मुलगा सलिल बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घाली, चहाचा कप घेऊन टेबलाशी बसे आणि लॅपटॉप उघडण्याआधी दोन्ही हातांची बोटे कडाकडा मोडी.

त्या मंगळवारीही सारे असेच झाले. फक्त बोटे मोडून होताच श्रीपादरावांनी त्याच्यासमोर एक छोटी बाटली आणून ठेवली.

"लवंगेचं तेल. अस्सल आहे. कापसावर घे आणि दाढेत धर."

"बाबा, दाढ आता बरी आहे."

"बरी आहे, तर दर मंगळवारी ठाण्याला कशाला जातोस? डोंबिवलीतले दातांचे डॉक्टर संपले का? आमच्या वेळी दात दुखला की उपटायचे आणि विषय मिटवायचे."

"तुमच्या वेळचे विषय लवकर मिटायचे, बाबा."

श्रीपादराव समाधानाने हसले आणि मेथीची जुडी घेऊन दाराजवळच्या स्टुलावर बसले.

सलिल दैनंदिन मालिकेचे संवाद लिहीत असे. घोडबंदरच्या बाजूला जिथे हितेश पाटलाच्या आजोबांची मिठागरे होती, तिथे आता हितेशचा स्टुडिओ उभा होता आणि मालिकेचा निर्माताही तोच होता. रोज एक भाग, आणि प्रत्येक भागाच्या शेवटी एक धक्का. दार वाजते, फोन येतो, कुणाच्या तरी हातून तबक पडते आणि चेहरा गोठतो. या धक्क्याला लेखक मंडळी 'हुक' म्हणतात. हुकाविना भाग संपला, तर प्रेक्षक उद्या येणार नाही, अशी सगळ्यांची ठाम समजूत असते.

सहा वर्षे हे लिहिता लिहिता सलिलच्या मनालाच ती सवय जडली. संध्याकाळी नीरजाला पाच मिनिटे उशीर झाला, की तो अपघात रचून ठेवी. बाबा खोकले, की त्याला रुग्णालयाचा पांढरा जिना दिसे. कुठलाही दिवस धक्क्याशिवाय संपू शकतो, यावरचा त्याचा विश्वासच उडाला. मग गेल्या दिवाळीत सेटवर तातडीने एक प्रसंग हवा असताना तो मेकअपच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसला आणि पडद्यावरची अक्षरे एकमेकांना जोडलीच जाईनात. बाहेर सहाय्यक दिग्दर्शक कागदांसाठी दार ठोठावत होता.

त्यानंतर नीरजाने त्याला ठाण्याला नौपाड्यात ऋजुताबाईंकडे नेले. त्या मानसतज्ज्ञ होत्या, आणि त्यांच्याकडे नाटकवाले, चित्रकार, संकलक असेच लोक अधिक येत. पहिल्या भेटीत सलिलने आपली अवस्था मोठ्या नेटक्या वाक्यांत मांडली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "हे फार सुरेख लिहिलंय तुम्ही. आता सांगा."

तो पाऊण तास काहीच सांगू शकला नव्हता. पण पुढच्या मंगळवारी तो पुन्हा गेला आणि हळूहळू सांगू लागला. कामावर आणि घरी बाबांना मात्र त्याने रूट कॅनाल करायचे असल्याचे सांगून टाकले. एखाद्या आठवड्याची ही थाप महिने उलटले तरी चालूच राहिली.

नऊच्या सुमारास हितेशचा फोन आला.

"सलिल, ऐक ना. चॅनेलचा मुकुल येतोय आज. अकराला नॅरेशन. नवा ट्रॅक त्याला तुझ्याच तोंडून ऐकायचाय."

"अकराला मी नाही रे. मंगळवार आहे."

"परत दात? अरे, तुझं तोंड आहे का मगरीचं? दिवाळीपासून एकच दात चाललाय! आज नाय चालणार हां, सांगून ठेवतो."

सलिलच्या जिभेवर एक वाक्य आयतेच येऊन बसले. 'बाबांना बरं नाही, त्यांना दाखवायला न्यायचंय.' स्वल्पविरामासकट तयार. त्याने मान वळवून पाहिले. श्रीपादराव मेथीचे एकेक पान खुडत होते आणि ऐकत नसल्यासारखे दाखवत होते. ते वाक्य त्याने गिळले. भेट चुकवावी, तर पुढच्या आठवड्यातही काहीतरी निघेलच; आणि मेकअपच्या त्या खोलीपर्यंतचा रस्ता त्याला पुन्हा तुडवायचा नव्हता.

"हितेश, दात नाही."

"म्हणजे?"

"दाताला काही झालेलंच नाही. मी थेरपीला जातो. मानसतज्ज्ञांकडे. दिवाळीपासून."

पाठीमागे पाने खुडल्याचा आवाज थांबला. फोनवरची सेटची ठोकाठोक दूर गेली.

"चॅनेलला कळलं तर काय होतं माहितीये ना?" हितेशचा आवाज खाली आला. "मागच्या सिरियलचा तो रायटर. टेन्शनमध्ये आहे एवढंच कळलं, तर आठवड्यात दुसरा बसवला."

"माहितीये. म्हणूनच खोटं बोललो."

"आणि मी येडा इतके दिवस त्यावर दात काढत बसलो. एक सांग. ते लग्नाचे एपिसोड, ज्याच्यावर आपण टीआरपीत वर आलो, ते कधीचे?"

"त्याच महिन्यांतले."

"मग जा ना बाबा! साडेबाराला ये. तोवर मुकुलला आमच्या आयच्या हातची तांदळाची भाकर खिलवतो. त्याला दातच सांगतो."

"नको. मी येऊन सांगतो."

फोन ठेवून सलिल वळला तेव्हा टेबलावर बाटली नव्हती. श्रीपादराव ती औषधांच्या कपाटात ठेवून परत स्टुलावर येऊन बसले होते. त्यांनी वर पाहिले नाही.

"अकराची वेळ आहे ना?" ते म्हणाले. "मग नीघ. त्या बाईंना ताटकळत ठेवू नये."

ऋजुताबाईंना त्याने सकाळचा सगळा प्रसंग सांगितला.

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच झालं."

"आता साडेबाराला काय वाईट घडणार, ते आज सांगितलं नाहीत तुम्ही," त्या म्हणाल्या. सलिलला ते तेव्हा उमगले, आणि त्या खोलीत तो पहिल्यांदाच मोठ्याने हसला.

स्टुडिओत मुकुल भाकरी खाऊन सुस्तावला होता. तिशीच्या आतला, टेबलावर दोन फोन उलटे ठेवून बसलेला. दाताची थाप त्याच्यापर्यंतही पोचलेली होती. "काय सर, डेंटिस्टने बोलायला परवानगी दिली का?"

"डेंटिस्ट नाही, थेरपिस्ट. मंगळवारी अकरा ते बारा मी थेरपीत असतो आणि यापुढेही असेन. आता ट्रॅक सांगतो."

हितेशने छताकडे पाहिले. मुकुलने पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. सलिल सांगू लागला. वर्षभर भांडलेल्या सासू-सुना. घरात कुणी नाही. सून मेथी निवडायला बसते. सासू येते, काही न बोलता समोर बसते आणि जुडीतल्या अर्ध्या काड्या आपल्याकडे ओढून घेते. त्या काड्यांसाठी दोघींचे हात एकदा एकमेकांना लागतात, आणि कुणीच हात मागे घेत नाही. सांगताना सलिलचा आवाज कुठेही अडखळला नाही. चहा घेऊन आलेला स्टुडिओतला दगडू ट्रे हातात तसाच धरून उभा राहिला.

"आणि हुक?" मुकुलने विचारले.

"नाही."

"फोन तरी वाजू द्या, सर! उद्या प्रेक्षक कशाला येईल?"

"त्या दोघी उद्या एकमेकींशी बोलतात का, ते बघायला."

"माझी आय तर येईल बाबा," हितेश म्हणाला. "तिनं न् माझ्या बायकोनं अशीच मेथी निवडलीय. पोरगी झाली त्या वर्षी."

मुकुलने टेबलावरचे दोन्ही फोन उचलले. "एक भाग. तुमच्या जबाबदारीवर. फोनची ओळ लिहून ठेवा, हवी तर वापरू." तो निघाला, दारापर्यंत गेला आणि परत आला. हितेश फोनवर बोलत असल्याची खात्री करून त्याने हळूच विचारले, "सर, ते तुमचे... दातांचे डॉक्टर नवीन पेशंट घेतात का?"

सलिलने त्याला नंबर पाठवला. "घेतात. पण तिथे गेल्यावर दात म्हणू नकोस. फार महिने वाया जातात."

मुकुल हसला तेव्हा मघापेक्षा बराच लहान दिसला.

संध्याकाळी सलिल घरी आला तेव्हा श्रीपादराव बाल्कनीत बसले होते. तो त्यांच्या शेजारी टेकला.

"बरं वाटतं का तिथे जाऊन?" त्यांनी विचारले.

"हो, बाबा."

"मग जात जा." कुंडीतले एक वाळके पान खुडत ते म्हणाले, "आम्हीही पुष्कळ काही उपटून टाकलं आणि विषय मिटला म्हणालो. मिटत नाही तसा." आणि उठून ते आत गेले.

सलिलने टेबलाशी बसून प्रसंग लिहिला. बोटे मोडायची या वेळी आठवण राहिली नाही. शेवटी मुकुलला कबूल केल्याप्रमाणे ओळ लिहिली: 'फोन वाजतो. सासूचा चेहरा गोठतो.' त्याने ती एकदा वाचली. मग मुकुलला निरोप धाडला, 'फोनची ओळ काढतो आहे, जबाबदारी माझी,' आणि ती खोडून टाकली. आता पानावर शेवटी दोन बायका होत्या आणि मधे मेथी होती. त्याने भाग पाठवला, लॅपटॉप मिटला आणि बाबांनी टाकलेला चहा उतू जाण्याआधी स्वयंपाकघरात गेला.