चौदा किलोंची मदत

खांदा दुखतो म्हणून आलेल्या प्रत्येकाला फिजिओथेरपिस्ट डॉक्टर आधी एकच प्रश्न विचारत, "काय उचललंत?" कुणी गॅसचं सिलिंडर म्हणे, कुणी नातू. त्या दिवशी समोर बसलेली मुलगी शांतपणे म्हणाली, "तुमची बॅग."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि मग त्यांना सगळं आठवलं. तीन आठवड्यांपूर्वीचं विमान. दाराशी उभी असलेली हीच हवाईसुंदरी. 'ओझं उचलण्याची शास्त्रीय पद्धत' या विषयावर व्याख्यान देऊन ते परतत होते. सोबत न्यायला परवानगी सात किलोंची, आणि पुस्तकांनी भरलेली त्यांची बॅग चौदा किलोंची. काउंटरवर ती पिसासारखी हलकी असल्याचा आव आणून ते सटकले होते. विमानात मात्र त्यांनी फर्मावलं होतं, "ही वर ठेवा."

"सर, दोघं मिळून ठेवू या का?"

"तुम्हाला पगार कशाचा देतात? की नाव लिहून घेऊ तुमचं?"

तिनं बॅग उचलली. हात डोक्याच्या वर गेले आणि तिचा चेहरा पिळवटला. काय झालं असेल ते डॉक्टरांच्या नजरेला बरोबर कळलं होतं. मग त्यांनी काय केलं? खिशातून आपलं कार्ड काढून तिच्या हातात ठेवलं! "दुखलंच तर या हो आमच्याकडे." शेजारचा प्रवासी हसला. तेही हसले.

"म्हणून आले," मुलगी म्हणाली. सोनोग्राफीत खांद्याचा स्नायू अर्धवट फाटलेला दिसत होता. "माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय. ही दुखापत कामावर झाली असं धरलं, तर बरी होईपर्यंत थांबतील. नाहीतर अनफिट म्हणून घरी."

"अहो, कामावरच झाली की!"

"आमचा नियम आहे सर, प्रवाशाची जड बॅग एकट्यानं उचलायची नाही. उचलली तर चूक आमची. नाही उचलली आणि प्रवाशानं तक्रार केली, तर उद्धटपणाचा शेरा. दोन शेऱ्यांत नोकरी जाते. माझा एक आधीच झालाय." तिनं एक फॉर्म पुढे सरकवला. "मी आपणहून उचलली नाही, एवढं तुम्ही लिहून दिलंत तर..."

डॉक्टरांचं पेन अडखळलं. हा कागद कुणाकुणाच्या हाती जाईल? लोक काय म्हणतील? शेवटी त्यांनी लिहिलं, 'डोक्याच्या वर वजन उचलताना झालेली दुखापत.'

"हे तर त्यांनाही माहीत आहे," ती हळूच म्हणाली आणि शेक घ्यायला पडद्याआड गेली.

थोड्या वेळानं मावशी बाहेर आल्या. दवाखान्यातला शेक, चादरी, झाडलोट सगळं त्याच बघत.

"डॉक्टर, रागावू नका, पण त्या पोरीला विमानात ठेवलंय कशाला?"

"प्रवाशांची सेवा करायला."

"तुम्हाला तेवढंच दिसलं! मला सांगत होती ती. विमानाला आग लागली तर दीड मिनिटात सगळ्यांना बाहेर काढायचं. कुणी बेशुद्ध पडलं तर छाती दाबायची. त्या हातांना तुम्ही हमाली लावलीत! उद्या तुमच्यावर वेळ आली, तर विमानाचं दार काय तुमचं कार्ड उघडणार?"

"पण तिला नाही म्हणता आलं असतं, मावशी."

"कसं म्हणणार? ते कोपऱ्यातलं मशीन सरकवायला तुम्ही मला रोज सांगता. मी कधी नाही म्हटलंय? माझी कंबर दुखत नाही म्हणून नव्हे, डॉक्टर!"

डॉक्टरांनी त्या मशीनकडे पाहिलं. अकरा वर्षं मावशी ते सरकवत होत्या! रोज दहा-बारा माणसांना ते विचारत होते, काय उचललंत? आणि घरच्यासारख्या या बाईला एकदाही विचारलं नव्हतं. व्याख्यानातल्या टाळ्या आठवून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी पहिली ओळ खोडली आणि पुन्हा लिहायला घेतलं. 'बॅग माझी होती. वजन चौदा किलो. तिनं मिळून उचलू या म्हटलं होतं. मी तक्रारीची धमकी दिली, म्हणून तिला एकटीला उचलावी लागली. तिला इजा झाल्याचं मला तेव्हाच समजलं होतं.'

मुलीनं ते वाचलं. "शेवटची ओळ नसती तरी चाललं असतं, सर."

"मला चाललं नसतं, बाळ."

कंपनीच्या चौकशीत त्यांना बोलावलं गेलं. "हे खरंच तुम्ही केलंत?" चार अनोळखी माणसांसमोर प्रश्न आला. कानांच्या पाळ्या तापल्या. "हो, मीच," ते म्हणाले. दुखापत कामावरची ठरली आणि खांदा बरा झाल्यावर मुलीचा नवा करारही झाला. डॉक्टरांची लाज मात्र गेली नाही. ती जाऊ नये असंच त्यांना वाटतं.

वाचकहो, हसतमुखानं आपल्यासमोर उभ्या असलेल्या माणसाला 'नाही' म्हणायची सोय आहे का, एवढं एकदा स्वतःला विचारा. 'नाही' म्हटल्यावर ज्याच्या पोटावर पाय येतो, त्याच्याकडून आपण मदत घेत नाही, सक्ती करतो. आपलं ओझं आपल्याला पेलत नसेल तर ते कमी भरावं. दुसऱ्याचा खांदा शोधू नये!