वादीची दोन भोकं

त्या हिवाळ्यात मी आयडोनाकाकूंच्या घराखालच्या उतरणीवर दुसऱ्यांदा पडले, तेव्हा बाईक माझ्या डाव्या पायावर होती आणि तोंडात बर्फ. पाय मऊ बर्फात रुतला म्हणून वाचला, ही देवाची कृपा. हात मोकळे होते. पाठ असलेली दोन स्तोत्रं म्हटली, फावडं ओढून घेतलं आणि पायाभोवतीचा बर्फ उकरत बसले. पाऊण तास गेला.

आमच्या चर्चच्या मंडळीत प्रत्येकीला एखाददुसरं घर सांभाळायला दिलेलं असतं. मला काकूंचं मिळालं त्याला सहा हिवाळे झाले. काकू चौऱ्याऐंशीच्या, वर एकट्या राहतात, सोबतीला तीन शेळ्या. नोव्हेंबरात रस्ता बंद होतो तो एप्रिलपर्यंत. दर बुधवारी मी काकूंची औषधं आणि शेळ्यांच्या खुराकाचे ओट घेऊन वर जाते, त्यांचे केस विंचरते, धर्मग्रंथातला एक अध्याय वाचते आणि परत येते. वाट ॲस्पेनच्या झाडांतून इतकी अरुंद आहे की रुंद बर्फगाडी मोठ्या मुश्किलीनं जाते. म्हणून बाईक. उन्हाळ्यात ती साधी मोटरसायकल असते. बर्फ पडला की माझा दीर थेन पुढचं चाक काढून तिथं एक स्की बसवतो आणि मागच्या चाकाच्या जागी दातेरी रबरी पट्टा.

पडल्याची गोष्ट मी लपवली नाही. गुरुवारी काकूंच्या मुलाचा, बॉइडचा, बॉइझी शहरातून फोन आला.

"मार्वाताई, तुमचं वय काय?"

"साठ."

"आईचं चौऱ्याऐंशी. एक वर अडकलेली, दुसरी वाटेत पडलेली. मी झोपायचं कसं?"

"गोळ्या मिळतात झोपेच्या."

तो हसला नाही. "येत्या बुधवारी मी तुमच्या मागून येतो. उतरण न पडता पार केलीत, तर आई राहील तिथंच. पडलात, तर त्याच दिवशी मी तिला खाली नेणार."

काकूंना खाली नेणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. शेजारच्या गावातल्या वृद्धांच्या घरी त्यांनी एकदा तीन दिवस काढले होते. चौथ्या दिवशी त्या बोलायच्याच बंद झाल्या.

शनिवारी सकाळी मी बाईक थेनच्या गॅरेजात नेली. थेनचं वजन दोनशे सत्तर पौंड आणि आवाज त्याहून जड. त्यानं स्की उलटी करून तळावरून अंगठा फिरवला.

"वहिनी, ही धार आहे की साबणाची वडी? गाडी आडवी घसरणार नाही तर काय करणार?"

त्यानं झिजलेली पट्टी काढून लांब, कडक पोलादाची नवी धार बसवली. मग पट्ट्याकडे वळला. "हे बघा, याच्या कडा चौकोनी. तुम्ही डोंगराच्या बाजूला झुकता आणि ही कड तुम्हाला ढकलून परत सरळ करते. कडेचे दात छाटले की पट्टा गोल होईल. मग झुका हवं तेवढं."

"छाटलेलं परत उगवायचं नाही, थेन."

"म्हणून तर आधी खडूनं खुणा केल्यात. उगाच का मला वीस वर्षं ट्रॅक्टर दुरुस्त करू देतात लोक?"

गरम सुरीनं त्यानं दोन्ही कडांचे दात बोटभर उतरवले. जळक्या रबराच्या वासानं आम्ही दोघं खोकत बाहेर आलो. शेवटी राहिली वादी. पट्ट्याच्या सांगाड्याला पुढून धरून ठेवणारी ही जाड वादी आखडली की गाडीचा भार पुढं स्कीवर येतो. थेननं ती दोन भोकं आखडली, मागची स्प्रिंग कसली आणि स्वतः शेतात चक्कर मारून आला.

"नजर टाकावी तिकडं जाते!" तो ओरडला.

मग मी बसले. सपाटीवर गाडी गुणी मुलीसारखी चालली. पण कुणाच्या तरी गाडीची जुनी चाकोरी लागली आणि स्कीनं तिच्यात असा दात रोवला की हँडल माझ्या हातातून निसटलं. गाडी गर्रकन फिरली आणि मी कुंपणाला मिठी मारली.

"सवय होईल," थेन म्हणाला.

"बुधवारपर्यंत?"

दिवस मावळला. रविवारी आम्ही यंत्राला हात लावत नाही, म्हणून गाडीवर ताडपत्री ओढली. मला मात्र झोप येईना. उतरणीवर सगळीकडे चाकोऱ्याच चाकोऱ्या होत्या.

तो महिन्यातला पहिला रविवार, म्हणजे उपासाचा. प्रार्थनाघरात मी नेहमीच्या बाकावर बसले होते. थेन उशिरा आला आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला टेकला. बाक तिकडे खाली गेलं, आणि माझ्या मांडीवरचं भजनांचं पुस्तक घसरत घसरत त्याच्या गुडघ्याशी जाऊन थांबलं. त्यानं ते मला परत दिलं. पुन्हा घसरलं. माझ्या उपाशी डोक्यात लख्ख उजेड पडला.

रविवारी यंत्राविषयी बोलायचं नाही हा माझा नेम. विचार करू नये असं मात्र कुठं लिहिलेलं नाही. सोमवारी थेन दिवसभर ट्रॅक्टरच्या कामावर बाहेर, आणि सोमवारची संध्याकाळ आमच्याकडे घरच्यांची, तेव्हाही कुणाच्या गॅरेजात जायचं नसतं. मंगळवारी उजाडताच मी थेनच्या दारात उभी.

"गाडी कुणाच्या वजनावर लावलीस?"

त्याच्या हातातला पाव तोंडाशी थांबला. "...माझ्या."

"चालवणार कोण?"

त्यानं कपाळावर हात मारला. "वहिनी, हे सगळ्या गावात सांगू नका."

"खोटं बोलणार नाही. कुणी विचारलं तरच सांगेन."

या वेळी आम्ही रीतसर केलं. पाठीवर पिशवी, मागं ओटांचं पोतं, अंगात जाड कोट, आणि मी गाडीवर. थेननं टेप लावून पाहिलं. तो बसला की मागची बाजू चार बोटं दबत होती. माझ्यानं ओटांसकट जेमतेम एक बोट.

"तुम्ही बसलात हे गाडीला कळलंच नाही!" तो म्हणाला. "मागं उंच राहिली, सगळा भार पुढं. नवी धार रुतणार नाही तर काय!"

त्यानं स्प्रिंग सैल केली आणि वादी होती तिथं परत नेली. जुन्याच वादीवर नवी धार आणि गोल पट्टा. मी शनिवारचीच चाकोरी शोधून काढली आणि मुद्दाम आडवी गेले. स्की तिच्यात उतरली आणि निमूट बाहेर आली. डाव्या अंगाला झुकले तशी गाडीही माझ्याबरोबर झुकली. गोल कडेनं तिला अडवलं नाही. मी तीन वेळा करून पाहिलं. चौथ्यांदा केलं ते निव्वळ मजेसाठी. देवानं माफ करावं.

बुधवारी बॉइड आला तो उसन्या, भल्या रुंद बर्फगाडीवर. मागं दोरीनं एक रिकामी सूटकेस बांधलेली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"आईचे कपडे भरायला." त्यानं नजर चुकवली. "तयारी असलेली बरी."

मी डोळे मिटून दोन शब्द म्हटले आणि निघाले. झाडांमधून बॉइड मागंच होता, फांद्यांशी भांडत. मग उतरण आली. उजवीकडे खाली ओढा आणि डावीकडे चढ. पायाखाली घट्ट थर आणि त्यावर रात्रीचा भुसभुशीत बर्फ. मी डावीकडे अंग टाकलं. पट्ट्याची कड थरात बसली. पहिली चाकोरी, दुसरी. स्की थरथरली, पण तिनं ओढून नेलं नाही. काकूंच्या फाटकाशी थांबले आणि इंजिन बंद केलं.

मागचा आवाज बंद झाला होता.

काकू दुर्बीण घेऊन दारातच उभ्या होत्या. "उतरणीवर कोण उलटलं गं?"

"बॉइड."

"लागलंय?"

"नसावं. हात नाचवतोय."

"म्हणजे ठीक आहे. लहानपणी पडला की असाच करायचा. कोको ठेवते."

वीस मिनिटांनी बॉइड कमरेएवढा बर्फ तुडवत आला. कानातसुद्धा बर्फ. त्याची गाडी एका झाडाला टेकून सुखात बसली होती. दोरी सुटून सूटकेस मात्र थेट ओढ्यापर्यंत गेली होती.

काकूंनी त्याच्या हातात कप दिला आणि पुन्हा दुर्बीण लावली. "ती पेटी दिसतेय रे खाली. आणायला जायचं का?"

बॉइडनं आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोकोचा एक मोठा घोट घेतला.

"राहू दे," तो म्हणाला. "मे महिन्यात बघू."