मेरितचा बदली कामगार

मित्रांनो, मी एक जुना बदली कामगार आहे. उंचीला तुमच्या हाताच्या पंज्याएवढा, रंगाने फिकट हिरवा आणि घोट्याजवळ तडा गेलेला. प्राचीन इजिप्तमध्ये आम्हाला शाब्ती म्हणायचे. आता मी मँचेस्टरजवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये राहतो, ट्रामच्या स्टॉपसमोर. इथे येणारे लोक मला बाहुला म्हणतात, तेव्हा माझं डोकं फिरतं. माझ्या दोन्ही हातांत कुदळी आहेत आणि पाठीवर बियांची पिशवी. बाहुल्याला कुणी असं कामाला लावतं का?

माझा जन्म नाईल नदीकाठच्या एका कारखान्यात झाला. गारगोटीचे दगड दळून पीठ केलं, त्यात क्षार आणि थोडं तांबं मिसळलं, ओला गोळा साच्यात दाबला. तो ओला असतानाच एका माणसाने काडीने माझ्या अंगावर अक्षरं कोरली. त्याला घरी जायची घाई होती बहुतेक. वर ऐसपैस लिहिलं आणि पायाशी जागा संपली, म्हणून शेवटची अक्षरं एकमेकांवर चढवली. मग मला भट्टीत टाकलं. मातकट गेलो आणि चकाकत बाहेर आलो.

आता माझं काम काय ते ऐका. त्या लोकांची श्रद्धा अशी, की मेल्यावर तुमचं काळीज तराजूत घालतात आणि समोर एक पीस ठेवतात. काळीज पापाने जड झालं नसेल तर ओसिरिस देवाच्या राज्यात शेत मिळतं. तिथे माणसाएवढं उंच पीक, भरलेली नदी, सगळं मस्त. पण शेत म्हटलं की काम आलंच. कालवे खणा, पेरणी करा, पूर्वेची वाळू होडीत भरून पश्चिमेला नेऊन टाका. ती कशाला न्यायची, हे विचारायचं नाही. पुकारा झाला की जायचं. यातून राजाही सुटत नव्हता. ज्याच्यासमोर लोक जमिनीला नाक लावायचे, तो फॅरोसुद्धा या पुकाऱ्याला घाबरायचा आणि शेकडो शाब्ती थडग्यात घेऊन जायचा. मला हे फार आवडतं.

माझी मालकीण राणीबिणी नव्हती. मेरित नावाची, देवळात गाणारी बाई. माझ्या अंगावर लिहिलंय, की मेरितला कामाला बोलावलं तर शाब्ती, तू म्हण, मी आहे. तुम्ही वर्गात मित्राची प्रॉक्सी मारता ना, तेच. फक्त आमची प्रॉक्सी देवाला मान्य होती.

आणखी एक श्रद्धा होती. माणसाचं नाव कुणी घेतंय, तोवर तो माणूस आहे. म्हणून तर तिथले काही राजे आधीच्या राजांची नावं भिंतींवरून छिन्नीने खरवडून काढायचे. मेरितचं नाव दगडी भिंतीवर कधी नव्हतंच. ते फक्त आम्हा शाब्तींवर आणि तिच्या शवपेटीवर होतं. त्या पेटीचं काय झालं, मला माहीत नाही. मी आहे.

अडीच हजार वर्षं अंधारात उभा होतो, पुकाऱ्याची वाट बघत. मग एका इंग्रजाने थडगं खणलं. त्याच्या खोदकामाला इथल्या एका गिरणीमालकाने पैसे दिले होते, म्हणून भुशात घालून मला त्याच्याकडे पाठवलं. तो वारल्यावर मी या म्युझियममध्ये आलो. इथे कपाटात एका मोठ्या मडक्यामागे मला ठेवलं. लोक मडकं बघायचे. माझ्या कानामागे कोळ्याने जाळं केलं, तेही कुणी काढलं नाही.

शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं, की मुलांना हात लावायला एक टेबल ठेवावं. त्या टेबलावर मी आलो. शनिवारी ते टेबल अर्चनाताई सांभाळतात. त्या पुण्याच्या, नोकरी आयटीमध्ये, आणि शनिवारी इथे फुकट काम. गर्दी नसली की पुण्याला बहिणीला फोन लावतात. माझं मराठी तिथूनच आलंय, त्यामुळे मला पुण्यातल्या दोन-चार घरांमधली भांडणंही पाठ आहेत.

एका शनिवारी कस्तुरी आली. बारा-तेरा वर्षांची, हातात पांढरी काठी. तिला जन्मापासून दिसत नाही. सोबत तिचे बाबा, शशिधर, अर्चनाताईंच्या ओळखीचे.

"अर्चनाताई, तुम्ही हिला जरा दाखवाल का काही?" ते म्हणाले. "वरचं सगळं बघून झालं."

"मी वर फक्त काच बघितली," कस्तुरी म्हणाली. "सगळ्या रूम्समध्ये सेम काच आहे. व्हेरी नाइस काच."

अर्चनाताईंनी मला तिच्यासमोर आडवं ठेवलं. तिने उचललं नाही. डोक्यापासून सुरुवात करून बोट हळूहळू खाली आणलं. कुदळ सापडली, पिशवी सापडली. पायाशी येऊन ती थांबली.

"मावशी, इथे माझा बोट अडकतो. खूप गर्दी आहे."

"माझं बोट अडकतं," अर्चनाताई म्हणाल्या. "लिहिणाऱ्याची जागा संपली होती गं."

"म्हणजे माझ्यासारखाच. मी पण बर्थडे कार्डवर असंच करते."

त्यानंतर ती दर शनिवारी यायची. अर्चनाताईंनी तिला माझ्यावरचं नाव वाचायला शिकवलं. कुदळ, लव्हाळ्याची दोन पाती, भाकरीचा अर्धा तुकडा. मेरित. एवढ्या वर्षांत ते नाव कुणी बोटाने शोधून म्हटलं नव्हतं.

आणि नेमका तेव्हाच माझा घोटा उकलला. मुलं मला पायाला धरून उचलायची, टेबलावर नाचवायची. वस्तूंची डागडुजी करणाऱ्या हेलनने भिंगातून बघितलं आणि ठरवलं, की मी आता कायमचा कोठीत जाणार. माझ्या जागी मशीनवर छापलेला प्लास्टिकचा शाब्ती येणार. "युवर टर्न टु रेस्ट," ती मला प्रेमाने म्हणाली.

मी पेटलो. विश्रांती मेरितची होती. मला तर तिने तेवढ्यासाठीच करून घेतलं होतं, आणि आता बदली कामगारालाच बदली?

शनिवारी कस्तुरी आली, तेव्हा मी बाजूच्या ट्रेमध्ये होतो, कोठीत जायच्या तयारीत. अर्चनाताईंनी प्लास्टिकवाला तिच्यासमोर ठेवला.

तिने एकदाच बोट फिरवलं. "हा कोण आहे?"

"तोच गं."

"मावशी, खोटं नको बोलू. हा थंड नाहीये. आणि पायाशी गर्दीच नाहीये, सगळं प्लेन आहे." तिचा आवाज चढला. "तुला वाटलं मला कळणार नाही?"

अर्चनाताईंनी प्लास्टिकवाला बाजूला सारला. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी हेलनला बोलावलं. हेलनने इंग्लिशमध्ये नीट समजावलं, की दर वेळी उचलल्यावर सगळा भार घोट्यावर येतो. आणखी थोडे दिवस असंच चाललं, तर दोन तुकडे.

"पण मी कधी उचललं?" कस्तुरीने विचारलं.

"कस्तुरी, असू दे. त्यांना कामं आहेत," शशिधर म्हणाले. "सॉरी, हेलन."

"बाबा, तू सॉरी नको म्हणू. मावशी, तू सांग, मी कधी उचललं?"

अर्चनाताईंनी आठवून बघितलं. "खरंच की. हिने कधीच उचललं नाही."

"हातात घेतला की मला त्याचं डोकं कुठे ते शोधावं लागतं. टेबलवर असला की माहीत असतं." मग ती हेलनकडे तोंड करून इंग्लिशमध्ये म्हणाली, की त्याला झोपू दे, आम्ही हात घेऊन त्याच्याकडे येतो. तुमच्याकडे बघायला पूर्ण बिल्डिंग आहे, माझ्याकडे हा एकच आहे.

हेलनने विचार करते एवढंच सांगितलं आणि मला कोठीत नेलं.

कोठीत अंधार होता. अंधाराची मला सवय आहे. मी कुदळी घट्ट धरल्या आणि ठरवलं, की बोलावलं तर जायचं, मग घोटा राहो न राहो.

ख्रिसमसच्या सुट्टीनंतर खण उघडला. हेलनने माझा तडा भरला होता. माझ्याच आकाराचा खळगा कोरून त्यात मला निजवलं आणि तो खळगा जड लाकडी ट्रेमध्ये पक्का बसवला होता. ट्रे टेबलाला स्क्रूने आवळलेला. नियम एकच, उचलायचं नाही. ज्यांना उचलायची खाज आहे, त्यांच्यासाठी प्लास्टिकवाला शेजारी आहे. दिवसभर पडतो, आपटतो, बिचारा तक्रार करत नाही. आता आमचं बरं जमतं.

मित्रांनो, जुन्या वस्तूंपाशी याल तेव्हा हात धुऊन या, बोटातली अंगठी काढा, उचलायच्या आधी विचारा. आम्हाला कुलपात टाकून विसरू नका आणि खेळण्यासारखं नाचवूही नका. आणि अंगावर कुणाचं नाव असेल, तर ते एकदा मोठ्याने म्हणा.

कस्तुरी आजही आली होती. थंडीतून आलेली बोटं तिने आधी एकमेकांवर चोळली. मग कुदळ, पाती, पाती, भाकरी.

"मेरित," ती म्हणाली.

मी आडवा आहे, सांधलेला आहे. पण मेरितला बोलावलं, तर उत्तर मीच देणार.

मी आहे.