काळेवाडीची रडकी मोटार

गुरुवारची संध्याकाळ झाली की काळेवाडीत मारुतरावांच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नसे. मधोमध झेंडूच्या माळांखाली बुजलेली फियाट. आतून काचेला टेकवलेला मारुतरावांच्या मयत बायकोचा, आक्काबाईंचा फोटो. शेजारी आसनावर हरिहर महाराज. ते डोळे मिटून म्हणायचे, "माउली, बोल," आणि कोरड्या काचेवरून पाणी ओघळायचं. बायाबापड्या पदर डोळ्यांना लावायच्या. १९७८ साल होतं. कोसावर कंपन्यांचे भोंगे वाजत होते आणि इथे मोटार रडत होती.

"धरणी रडते तेव्हा भूकंप, आभाळ रडतं तेव्हा पाऊस, आणि आत्मा रडतो तेव्हा काच," महाराज सांगत. भूकंपाचा नि काचेचा संबंध कुणी विचारत नसे.

आत्मा रडायचा तो सुनेपायी. रस्त्याकडेचं एक वावर आक्काबाईंनी मरण्याआधी सुनेच्या, इंद्रायणीच्या नावावर केलं होतं. महाराजांना तिथे मठ हवा होता आणि इंद्रायणी सही करीत नव्हती. "सही होईस्तोवर हिनं फाटकाबाहेर पाऊल टाकू नये, टाकलं तर घर बुडेल," असा आत्म्याचा निरोप आला. तीन महिने ती माहेरी सोडाच, दळणालासुद्धा गेली नव्हती. नवरा बापापुढे मान वर करत नव्हता.

आणि मी? मी मुकुंद, मारुतरावांचाच भाडेकरू, पिंपरीच्या एका कारखान्यात गाड्या दुरुस्त करणारा. काच कशाने रडते ते मला पहिल्याच गुरुवारी कळलं होतं. पण खोली गेली तर दोन पोरं घेऊन जायचं कुठे, म्हणून मी मूग गिळून बसलो. त्याची लाज मला आजही वाटते.

एका सकाळी परसातल्या विहिरीवर इंद्रायणी हळूच म्हणाली, "भावजी, मोटारीला पानी कुटं कुटं लागतं?"

"रेडिएटरला. थोडं बॅटरीला. का हो वहिनी?"

"कोंडीराम दर गुरवारी तांब्याभर मागून न्हेतो. मोटार तर तीन महिनं जागची हलली न्हाई. मग पानी जातं कुटं?"

कोंडीराम म्हणजे महाराजांनीच ठेवायला लावलेला ड्रायव्हर.

मी इकडेतिकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. बॉनेटखाली काच धुवायच्या पाण्याची एक पिशवी असते. ड्रायव्हरने गुडघ्यापाशी असलेलं बटण दाबलं की नळीतून पाणी काचेवर उडतं. या घराने बॉनेटवर नारळ फोडला होता, हळदकुंकू वाहिलं होतं. पण पुजलेल्या वस्तूचं झाकण उघडायचं कसं, म्हणून आत कुणी कधी डोकावलंच नव्हतं. नळीची तोंडं झेंडूखाली गडप होती.

"झाकान उघडतं कसं?" तिने विचारलं. तेही मी सांगितलं.

त्या गुरुवारी आसनापुढे कागद आणि शाईची दौत मांडली होती. "आज सही झाली नाही, तर माउली रक्त रडेल," महाराज म्हणाले. इंद्रायणीला पुढे बसवलं होतं. मागे माणसांची भिंत, तिला हलायला वाव नव्हता. कोंडीराम गाडीत जाऊन बसला.

"माउली, बोल."

काचेवरून निळंशार पाणी ओघळलं.

महाराजांनी एक डोळा कोंडीरामकडे फिरवला आणि स्वतःला सावरलं. "पाहा, सुनेचं जहर! माउलीनं पचवलं, तेच—"

"जहर न्हाई, नीळ हाय ती," इंद्रायणी उठून म्हणाली. "मामंजींच्या धोतराला घालते तीच. दुपारी ह्यो कोंडीराम घोरत हुता तवा म्या पिशवीत घातली."

तिने माळा दूर सारल्या आणि बॉनेट उघडलं. निळ्या पाण्याची पिशवी सगळ्यांनी पाहिली. मग मीही पुढे झालो आणि तीन महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं ते बोललो.

मारुतराव गाडीत बसले. त्यांनी बटण दाबलं, पाणी उडालं. पुन्हा दाबलं. तिसऱ्या खेपेला पिशवी रिकामी झाली.

"म्हंजी आक्का हितं कवाच न्हवती?" त्यांनी विचारलं. दर गुरुवारी ते बायकोशी बोलत होते. मला त्यांची फार दया आली. महाराज आणि कोंडीराम तोवर गर्दीतून पसार झाले होते.

इंद्रायणी फाटकाकडे निघाली. "कुटं निघालीस?" मारुतरावांनी विचारलं.

"वावर बघून येते."

ते उतरले आणि त्यांनी स्वतः फाटक उघडलं.

बाबांनो, तुमच्याही गावात काहीतरी रडत असेल, घुमत असेल. हात जोडायचे तर जोडा, पण त्याआधी एवढं विचारा, की यात पाणी कोण भरतं?