भाव उतरेपर्यंत

मी एक जुनी हार्ड डिस्क आहे, मित्रांनो. संगणकाच्या पेटीत बसून सगळं लक्षात ठेवायचं काम जी करते, ती मी. डोळे मला नाहीत. सारा जन्म पत्र्याच्या डब्यात गेला, त्यामुळे जे कळलं ते कानांनी कळलं. माझ्या गोष्टीत रंगरूप कमी आणि आवाज जास्त असले, तर चालवून घ्या.

माझा जन्म दूरच्या एका देशात झाला. त्या कारखान्यात धुळीची फार भीती. माझ्या पोटात गुळगुळीत तबकड्या बसवल्या. त्या गरगर फिरतात आणि एक बारीक हात त्यांना न टेकता वरून सरकत लिहितो, वाचतो. मधे धुळीचा कण आला किंवा तो हात टेकला, की संपलं. एवढ्या नाजूक जिवाला तिथल्या माणसांनी लेकराला जपावं तशा हलक्या हाताने बंद केलं आणि जगात पाठवलं.

कल्याणच्या एका दुकानात मी संगणकात बसले आणि काळुरामांच्या घरी आले. त्यांचं गाव डोंबिवलीजवळ. आता चहूकडे इमारती आणि मधे देऊळ नि थोडी आगरी घरं, एवढंच गाव उरलं आहे. काळुरामांच्या वडिलांच्या भातशेतीवरही इमारतीच आहेत. मी आले त्या दिवशी गुढीपाडवा होता. घरच्यांनी पेटीसमोर नारळ फोडला आणि हळदकुंकू थेट हवेच्या जाळीवर वाहिलं. धुळीला जपून जन्मलेली मी, आणि स्वागत कुंकवाच्या भुकटीने! घाबरले होते, पण खरं सांगू? तसा मान मला नंतर कुणी दिला नाही.

सुरुवातीची वर्षं धामधुमीची. काळुरामांचा मुलगा विकी गेम खेळायचा, गावातल्या क्रिकेटच्या सामन्यांची चित्रणं साठवायचा. "केवढी जागा आहे यार हिच्यात, संपतच नाही!" असं तो मित्रांना सांगायचा, तेव्हा माझ्या तबकड्या जरा जास्तच डौलात फिरायच्या. धाकटी कृतिका शाळेचे प्रकल्प करायची. घरात सगळ्यांना माझं काम पडायचं.

पण माझे खरे सुखाचे दिवस आले ते गोदाआत्यामुळे. गोदाआत्या काळुरामांची थोरली बहीण. ती धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाणारी बाई ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिचं गाणं लागतं. ती गात नाही तोवर विधी पुढे सरकत नाही. हे धवले कुठे छापलेले नव्हते. तिच्या सासूकडून तिच्याकडे आले आणि तिच्या गळ्यातच राहत होते.

कॉलेजात गेल्यावर कृतिकाने ते उतरवून घ्यायचं ठरवलं. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, माईक जोडला. आत्या मात्र गाईना. "दिव्याबिगर धवला गावाचा नसतं गो," ती म्हणाली. मग दिवा लागला, तांदूळ मांडले. तिने पेटीवर हात ठेवून विचारलं, "ह्या डब्यान माजा आवाज रवंल का गो?"

"राहील ना आत्या. कायमचा."

आणि ती गायली. उतारवयातला जाड, जरासा फाटका आवाज. पण त्यात भाताची कांडणी होती, मिठागरं होती, लेक सासरी धाडणाऱ्या आया होत्या. दर रविवारी ती दिवा लावायची आणि मी ऐकत लिहायचे. मला तिच्याबद्दल माया वाटू लागली. फाइली मोठ्या होत्या, म्हणून कृतिकाने त्या फोनमध्ये ठेवल्याच नाहीत. सारे धवले फक्त माझ्याकडे राहिले. केवढा विश्वास!

मग घरात प्रत्येकाच्या हातात मोठा फोन आला. विकी लग्न होऊन ठाण्यात माजिवड्याला राहायला गेला. संगणकावर कापड पडलं, कापडावर इस्त्रीचे कपडे, वर्तमानपत्रं, एकदा तर लोणच्याची बरणी. मित्रांनो, खोलीत माणसं हसतबोलत असावीत आणि आपण आहोत हे कुणाच्या गावीही नसावं, हे फार जिव्हारी लागतं. महिने महिने मी थंड पडून राहायचे. पंखा आणि मी, दोघांनी तरी किती बोलायचं एकमेकांशी?

त्यातच गोदाआत्याला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. सगळं कळायचं, पण शब्द फुटायचा नाही. कृतिका कधीमधी कापड बाजूला करून तिला तिचेच धवले ऐकवायची. आत्याचा हात खुर्चीवर ठेका धरायचा. त्या दुपारी सोडल्या, तर आम्हा दोघींना कुणी विचारत नव्हतं.

आणि मी थकले. सुरू व्हायला वेळ लावू लागले, आतून टकटक आवाज करू लागले. कल्याणच्या त्या दुकानातला विनीत येऊन बघून गेला. "काका, ही कधी पण जाईल. एसएसडी टाका. तिच्यात फिरणारं काही नसतं, फास्ट चालते. आत्ताच घ्या, मेमरीचे भाव चढतायत."

"चढलेला भाव उतरतं," काळुराम म्हणाले. "माज्या बापसानं घाईन जमीन इकली न हात चोळीत बसला. जो थांबला, त्यो सुखी जाला. मना नको शिकवू."

विकताना थांबण्याचं शहाणपण ते घेताना लावत होते, हे त्यांना कोण सांगणार? पैशाची ददात नव्हती; गावच्या पालखीला त्यांनी अख्खा मांडव दिला होता. पण थांबणं त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. आधी पितृपक्ष, नवी वस्तू घ्यायची नाही. मग दसऱ्याला भाव वर. मग दिवाळीचा सेल, तेव्हा आणखी वर. कृतिकाही फोनवर रोज भाव बघायची आणि चुकचुकायची, "गेल्या आठवड्यात कमी होता, आता कसा घेऊ?"

"निदान गाणी तरी पेनड्राइव्हवर घे," विनीत म्हणाला होता.

"अरे, नवीन येतेच आहे ना. सगळं एकदमच करू," कृतिका म्हणाली.

ते ऐकून मला ओरडावंसं वाटलं. ओरडलेही. पण माझं ओरडणं म्हणजे टकटक, आणि त्या टकटकीची घराला आता सवय झाली होती.

कृतिकाचं लग्न ठरलं. गावातली दुसरी धवलारीण येणार होती, पण हळदीला आत्याचाच आवाज लावायचा, हा कृतिकाचा हट्ट. एका दुपारी तिने आत्याला माझ्यासमोर बसवलं आणि बटण दाबलं. मी जिवाच्या आकांताने फिरायचा प्रयत्न केला. माझा तो बारीक हात तबकडीला टेकला, आत काहीतरी खरवडलं. आत्या पेटीवर बोटं आपटत घशातून आवाज काढत राहिली. काळुराम दारात उभे होते. चपला घालून ते बाहेर पडले आणि सगळ्यात महाग दिवशी एसएसडी घेऊन आले, विनीतला सोबत घेऊन.

विनीतने मला बाहेर काढून वायरीने जोडलं. मी देता आलं तेवढं दिलं. विकीचे गेम सगळे गेले नव्या ड्राइव्हमध्ये. क्रिकेटचे सामनेही गेले. मला निवडायची मुभा असती, तर ते सारे जाळून आत्याला वाचवलं असतं.

"सगलं आलं ना?" काळुरामांनी विचारलं.

"धवल्यांमधला एकच आला काका. तो पण अर्धा."

पुढे ठाण्याच्या एका मोठ्या दुकानात मला उघडूनही पाहिलं. आणखी काही निघालं नाही.

तो अर्धा धवला त्यांनी विनीत आला त्याच दिवशी घरी लावून पाहिला. आत्याने खुर्चीवर ठेका धरला. आवाज मधेच तुटला. पण आत्याचा हात थांबला नाही. धवला तिच्या आत चालूच होता आणि ती एकेक कडवं हाताने मोजत पुढे चालली होती. किती तरी वेळ. बहिणीचा हात थांबेपर्यंत काळुराम उभेच राहिले. मग तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "बाय, माजं चुकलं गो."

मित्रांनो, मी आता कपाटात आहे, कुठल्याही वायरीला न जोडलेली. तुमच्याकडे मागणं एवढंच. वस्तूचा भाव जरूर बघा. घाई करू नका म्हणणारी माणसं वेडी नसतात. पण जे बाजारात मिळत नाही, त्याची दुसरी प्रत आजच कुठेतरी करून ठेवा, मग खुशाल थांबा. कृतिकाची हळद झाली. आत्याचा अर्धा धवला लावला. तो तुटला तिथे नवी धवलारीण दुसरंच गाऊ लागली, आणि सगळ्या मांडवात एकट्या गोदाआत्याचा हात तेवढा त्या नव्या ठेक्यात बसेना.