अनसूयेच्या माहेरचं पाणी

गंगापूर धरणातून पाणी सोडल्याचं कळलं की अनसूयाबाई नाशिकहून सायखेड्याची एसटी धरायच्या. गावात गोदावरीला सगळे गंगाच म्हणत. गंगेचं पाणी देवळाच्या पायरीला लागलं की गावच्या लेकींनी तिची ओटी भरायची, असा तिथला रिवाज. त्यांची लेक संपदा कधी विचारायची, पुराला काय भेटायला जायचं? एकदा ये आणि बघ, एवढंच आई म्हणायची.

चैत्रात अनसूयाबाई वारल्या. श्रावणात संपदाचा मामेभाऊ गोरक्ष याचा फोन आला. पाणी पायरीला लागलं होतं. आत्याच्या जागी कुणीतरी यायला हवं, असं बायकांचं म्हणणं होतं.

संपदाने नारळ, तांदूळ, हळदकुंकू घेतलं आणि वर आईचं जांभळं सुती पातळ ठेवलं. बाकीच्या साड्या तिने वाटून टाकल्या होत्या. हे एक मात्र कुणाला देववत नव्हतं आणि कपाटात बघवतही नव्हतं. ते गंगेला द्यायचं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

पूल बंद झालेला, म्हणून गोरक्षने तिला लांबच्या रस्त्याने मोटारसायकलवर आणलं. द्राक्षबागा गेल्या, कांद्याच्या चाळी गेल्या, नव्या प्लॉटिंगचे फलक गेले आणि बाजारपेठ आली. तिथे धावपळ होती, पण घाबरगुंडी नव्हती. खतांच्या दुकानातली पोती जिन्याने वर चालली होती. सलूनवाल्याने खुर्ची माडीवर नेली होती. तोंडाला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक गॅलरीतून पाणी बघत बसलं होतं.

"दर साली हेच," गोरक्ष म्हणाला. "दोन दिवस गंगा दुकानात, आम्ही माडीवर."

गल्ली वळली आणि संपदा थबकली.

नाशकातली नदी तिला ठाऊक होती. सिमेंटच्या घाटांमधून वाहणारी, या काठावरून त्या काठावर हाक जाईल एवढी. इथे पलीकडचा काठच नव्हता. बाभळींचे शेंडे पाण्यातून वर आले होते, विजेचे खांब अर्धे बुडाले होते, आणि पाणवेलींची हिरवी बेटंच्या बेटं सरकत पुलाला जाऊन टेकत होती. पुस्तकांतले पूर तिने पुष्कळ वाचले होते. त्यांत पाणी गर्जत असे. हे पाणी जवळजवळ गप्प होतं. एवढं मोठं काही इतक्या शांतपणे चालत जाऊ शकतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. नकळत तिने पायातल्या चपला काढल्या.

देवळाच्या पायऱ्यांवर बायका जमल्या होत्या. लंकाबाई आईची बालमैत्रीण. तिने संपदाच्या तोंडावरून हात फिरवला आणि पिशवीत डोकावून विचारलं, "हे नवं नाय ना?"

"नाही मावशी. आईचं आहे. ती नेसायची."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. संपदाला चूक कळली. देवाला नेसलेलं वस्त्र वाहत नाहीत, हे तिला माहीत होतं. घरून निघताना ते मनातही आलं नव्हतं. कुसाबाई म्हातारी पण खणखणीत. ती हलकेच म्हणाली, "बाई, देवीला उतरलेलं लुगडं चालत नाय. खण हाय माझ्याकडं, तो घे."

संपदाने मान हलवली. वाद घालण्यासारखं काही नव्हतं. पिशवीचा बंद तिने ओढून घेतला, पण गाठ काही बसेना. लंकाबाई ते बघत राहिली.

"कुसे," ती म्हणाली, "अनसूया बसचे हाल सोसून यायची, ती देवीला भेटायला?"

"मग कुणाला?"

"इथं उभी राहून सासूची गाऱ्हाणी सांगायची. देवीला कोण सांगतं असलं? बहिणीला सांगतात." मग तिने विचारलं, "तू तुझ्या बहिणीचं लुगडं नेसली नाय का कधी?"

"नेसले की," कुसाबाई म्हणाली. "परत नाय दिलं."

बायका हसल्या. कुसाबाईने मग संपदाच्या हातातली पिशवी घेतली, पातळ काढलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या घडीला हळदकुंकू लावलं.

संपदा बुडत्या पायरीपर्यंत उतरली. लंकाबाईने मागून तिचा दंड धरला. तांदूळ, नारळ पाण्यात गेले आणि दिसेनासे झाले. मग तिने पातळ सोडलं.

तिला वाटलं होतं, क्षणात ओढलं जाईल. अख्खी झाडं वाहून नेणारं पाणी ते. पण पातळ पायरीच्या वळशात थांबलं. एक घडी सुटली, मग दुसरी. पदर बाजूला झाला, निऱ्या पसरल्या, आणि आईच्या अंगावर कधी दिसलं नव्हतं तेवढं, लांबच्या लांब, ते त्या तांबूस पाण्यावर उलगडत गेलं. मग मोठ्या धारेने त्याला हाताला धरावं तसं कडेने आत घेतलं.

पाणी संपदाच्या घोट्यांवर आलं होतं. लंकाबाई म्हणाली, चल आता, चढतंय. संपदाने हो म्हटलं, आणि ती बघत उभी राहिली.