आत्याच्या चाकूचं तेल

आधी सावकाश कुरकुर आणि मग एकदम ‘खट्’. घडीचा चाकू उघडल्याचा तो आवाज म्हणजे जळकोटच्या उन्हाळी दुपारी माझी आत्या ओसरीवर येऊन बसल्याची खूण. कपाळावर भस्माचे पट्टे, कमरेला पानसुपारीची चंची आणि चंचीत पितळी मुठीचा तो चाकू. पहिली फोड समोरच्याच्या तळहातावर ठेवायची, शेवटची आपण खायची, ही तिची रीत. तिची माया मी नेहमी अशी पात्यावरून उतरलेलीच पाहिली.

पात्याच्या खिळीत ती करडईचं तेल घाली. ते वाळून डिंकासारखं चिकटे आणि चाकू अडे. मग ती तो उंबऱ्यावरच्या उन्हात ठेवी, नवा थेंब सोडी, मुठीत धरून ऊब देई आणि हट्टी लेकराला समजवावं तसं त्याच्याशी पुटपुटे.

लातूर जिल्हा नवा झाला, त्याच्या नव्या कचेरीत मी नवा कारकून झालो. आणि पावसानं पाठ फिरवली. विहिरींचे तळ उघडे पडले. भांडी विसळलेल्या पाण्यावर आत्यानं न्हाणीमागे वाळकाचा, म्हणजे गावरान काकडीचा, वेल जगवला, त्याला एकच वाळूक धरलं. ते कापायच्या सकाळी, तिची दुखरी बोटं पाहून, मी तिला न विचारता टायपरायटरचं तेल खिळीत सोडलं. पातं अलगद फिरलं. माझा मलाच अभिमान वाटला.

पहिली फोड तिनं नाकाशी नेली.

“कशाचं त्याल रं हे?”

“टायपरायटरचं, आत्या. हे चिकटत न्हाई.”

“तुझा कलेक्टर वाळूक खातो का टायपरायटरनं?” घरातले हसले, ती हसली नाही. “करडीचं चिकटतंय, पण पोटात गेलं तर चालतंय की, बाबा.”

चाकू धुवायला पाणी हवं होतं. तिनं घागरीकडे एकदा पाहिलं, मागितलं मात्र नाही. उरलेलं वाळूक गुडघ्यावर मोडून हातानंच आम्हाला वाटलं आणि यंत्राच्या वासाची ती पहिली फोड स्वतः सावकाश चावून खाल्ली. वाया घालवण्याजोगं पाणी त्या घरात नव्हतं, फोडीतलंसुद्धा.

चाकू मिटून चंचीत गेला. पुढं पाऊस आला, विहिरी भरल्या, बाजारात पेरू आले; तो ‘खट्’ मात्र पुन्हा आला नाही. ‘आण, मी धुऊन देतो,’ एवढं म्हणायला माझी जीभ कधी उचलली नाही.

ती गेल्यावर चाकू माझ्याकडे आला. गरम पाण्यानं कितीदा धुतला असेल! आता त्यात करडईचाच थेंब घालतो. तो वाळतो, अडतो, आणि मी चाकू मुठीत धरून बसतो. ऊब लागून पातं सुटेपर्यंत जेवढा वेळ जातो, तेवढाच वेळ ती माझ्यापाशी असते. मग ‘खट्’ होतं, पहिली फोड हाती येते, आणि ती ठेवायला समोर तिचा तळहात नसतो.